मासे कोणाचे?

११ एप्रिल १९७८, मंगळवार

हात पुन्हापुन्हा साबणानं धुतले, तरी वास जात नाही. माशाचा नाही, औषधाचा. कपाशीवर फवारतात ते एंड्रिन. या उपकेंद्रावर नर्स म्हणून आले तेव्हापासून हा वास मला माहीत आहे. ते पिऊन आलेल्या किती बायांची तोंडं मी पुसली आहेत. म्हणून आज सकाळी डोहावर गेले आणि नदीकडून वारा आला, तेव्हा काय झालं हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे पैनगंगा वाहत नाही, डोहाडोहांतून थांबून राहते. गावाजवळचा डोह सगळ्यांत खोल. आज तो पांढरा दिसत होता. पोटं वर करून मासे तरंगत होते. मरळ, वाम, शिंगटे, आणि त्यांच्यात खडशी. ही खडशी आता कुठे दिसत नाही असं म्हातारी माणसं सांगतात. अंगावर तांबूस सोनेरी खवले, एकेक खवला माझ्या अंगठ्याच्या नखाहून मोठा. काही अजून जिवंत होत्या. कडेला येऊन तोंड उघडत होत्या, आपल्याभोवतीच गोल फिरत होत्या. झटके आलेलं माणूस जसं करतं तसं.

आणि गाव? गाव घमेली घेऊन पाण्यात. फुकटची मेजवानी! मी ओरडले, "खाऊ नका, पाण्यात औषध टाकलंय, मराल." मागून कोणीतरी म्हणालं, "आता यायच्या लोकाईनं आमाले सांगावं काय खावं न काय नाई!" हशा झाला. माझ्या हातची सुई चालते, माझ्या हातावर यांची पोरं जन्मतात, तेव्हा माझे लोक कोणते हे कुणाला आठवत नाही.

पुंजाजी आबांनी एक खडशी दोन्ही हातांत बाळासारखी धरली होती. माझ्या शेजारच्या गिरजाबाईचे ते चुलत सासरे, एकटेच राहतात. मी ती ओढून घेतली. आबा हसले. "नर्सबाई, लहानपणी पाह्यली होती अशी. आता मराच्या आंदी येक डाव खाऊ दे ना वं." आणि माझ्या हातातून घेऊन गेले.

मी एक खडशी घरी आणून मिठाच्या मडक्यात दाबून ठेवली. कोणाला दाखवायची ते माहीत नाही. पण कोणाला तरी दाखवायचीच.

१२ एप्रिल

आबा गेले.

काल दिवस मावळताना गिरजाबाई धावत आली. मी पोचले तर आबांना झटके सुरू. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, वाटेत माझ्या मांडीवर डोकं होतं. पहाटे संपले. गावात आणखी कितीतरी जणांना उलट्या झाल्या, ते वाचले.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ऊन लागून मृत्यू. मी म्हटलं, "साहेब, एंड्रिन आहे. डोळ्यांच्या बाहुल्या पाहा, तोंडाला वास पाहा." ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही. पण मला नाक आहे.

१३ एप्रिल

पोलीस पाटील बापूरावांकडे गेले. ते दात घासत होते. घासतच राहिले.

"माशाचा पंचनामा? उद्या बेडकाचा कर म्हणसान."

"माणूस मेलं बापूराव."

"त्याचा त डाक्टरचा कागद हाय ना बाई. ऊन लागलं."

तशीच बस धरून ठाण्यावर गेले. जमादारानं ऐकून घेतलं, हे खरं. मग विचारलं, "मासे कोणाचे?"

"नदीचे."

"नदी फिर्याद देत नसते. नुकसान ज्याचं, त्यानं यावं. थो डोह माणिकरावायले ठेक्यानं हाय. त्यायची काई तक्रार नाई."

माणिकराव! पंचायत समितीचे सभासद. डोहात खडक फार, जाळी फाटतात, म्हणून त्यांची माणसं पहाटे औषध ओततात. मोठा माल गाव उठायच्या आधी गाडीत भरून बाजारात जातो. गावाच्या वाट्याला उरलेलं. हे सगळ्यांना माहीत आहे, शाळेतल्या पोरांनासुद्धा. म्हणजे ज्यानं विष टाकलं त्यानंच येऊन फिर्याद द्यायची! मी जमादाराला हे म्हटलं. तो म्हणाला, "पुरावा हाय काय?" मी मडक्याचं सांगणार होते. का कोण जाणे, गप्प बसले. परतीच्या बसमध्ये स्वतःवरच चिडत आले.

१६ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांच्या जयंतीला हे आले होते. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर यांची शाळा. लग्न झाल्यापासून असंच चाललंय, ते तिकडे, मी इकडे, आणि मधे एसटी. बदलीचा अर्ज दरवर्षी करतात, दरवर्षी कुठेतरी अडतो.

यांना सगळं सांगितलं. सांगताना रडले, म्हणजे रागानं. यांनी मडकं उघडून मासा बराच वेळ पाहिला.

"हे कोणाकोणाले माहीत हाय?"

"तुम्हाला आणि गिरजाबाईला."

"ठाण्यात सांगतलं?"

"नाही अजून."

"नको सांगू. वच्छला, आपून दोघं नोकरीवाले. बाबासाहेबाईनं शिका म्हणून सांगतलं, त कसंबसं शिकलो, खुर्चीवर बसलो. थे खुर्ची माशापायी घालवतं काय?"

मी म्हटलं, आबा मासा नव्हते. यांनी मडक्यावर झाकण ठेवलं. माझी काळजी वाटते यांना, दुसरं काय? काल दुपारी माणिकरावांकडे चहाला गेले होते. समितीचा सभासद बोलावतो म्हटल्यावर मास्तरला जावंच लागतं. मला ते आवडलं नाही, पण यांचं तरी काय चुकलं? आज पहिल्या गाडीनं गेले. मला उठवलंसुद्धा नाही. दोन दिवसांची दमलेली म्हणून झोपू दिलं असेल. उठून पाहिलं तर चुलीवर चहा झाकून ठेवलेला.

१७ एप्रिल

मडक्यात मासा नाही. मीठ तसंच, वर झाकण तसंच, मासा नाही.

गिरजाबाई! दुसरं कोणाला माहीत होतं? तिच्या वांग्या-टमाट्याच्या मळ्याला माणिकरावांच्या इंजिनाचं पाणी जातं. उन्हाळ्यात ते बंद झालं तर मळा वाळून कोळ होईल. मी तिच्या अंगणात जाऊन वाटेल ते बोलले. चार बाया गोळा झाल्या. म्हटलं, सासऱ्याला जाळून आलीस आणि पाण्यासाठी त्याच्या मारेकऱ्याला मासा नेऊन दिलास.

ती एवढंच म्हणाली, "म्या नाई नेला, बाई." आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी मी दुखण्यातल्या माणसाकडे पाहते. तिला माझी कीव येत होती! चोराला कीव! त्याचा जास्त राग आला.

२१ एप्रिल

रजा काढून जिल्ह्याला मत्स्य खात्याच्या कचेरीत गेले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. मेलेल्या माशाचं टेबल कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नाही. शेवटी एका साहेबांनी बसायला सांगितलं. वयस्क, चिडके, पान खाणारे. मी खडशी म्हटलं तसे ताठ झाले.

"किती होत्या?"

"डोहभर."

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा या जिल्ह्यातल्या दर मोठ्या डोहात ही होती. आता बोटावर मोजण्याइतके डोह राहिले. ती वाढते सावकाश, आणि उन्हाळ्यात सगळी एका जागी गोळा होते. एक डोह मेला की तिथली खडशी संपली. परत येत नाही."

"मग तुम्ही काय केलं?" माझा आवाज चढला असावा, कारण बाजूच्या टेबलावरचे वळून पाहू लागले.

तेही चढले. "मला कोण कळवतं, बाई? एवढा जिल्हा, आम्ही माणसं किती? कळतं तेव्हा पाणी वाहून गेलेलं असतं, मासे पोटात गेलेले असतात. पाण्यात विष घालून मासे मारणं हा गुन्हा आहे. मासे कोणाचेही असोत, ठेका कोणाचाही असो. पोलिसाला तिथल्या तिथं धरता येतं. पण मासा नको का दाखवायला?"

मी मडक्याचं सांगितलं. ते हळहळले. मिठातलाही चालला असता, निदान जात ओळखू आली असती.

मग त्यांनी पुढच्या वेळी काय करायचं ते समजावलं. पुढच्या वेळी! मी म्हटलं, पुढची वेळ येऊच नये म्हणून आले. ते म्हणाले, "येईल. खालच्या अंगाला अजून डोह आहे ना?" मेल्यावर लगेचचा मासा घ्यायचा, सडलेला नाही. उघड्या हातानं धरायचा नाही. बर्फात ठेवायचा. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत डोहाचं पाणी भरायचं, आणि वरच्या अंगाचं, जिथे मासे जिवंत आहेत तिथलं, दुसऱ्या बाटलीत. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणकोण हजर होतं ते बाटलीवरच चिकटवायचं. गुरं आणि माणसं पाण्यापासून दूर ठेवायची. ठाण्यावर जायचं आणि त्यांना तार करायची. "तार आली तर मी येतो. माझ्या खिशातून यावं लागलं तरी येतो."

बसमध्ये बसून मनात तेच घोकत आले. एवढं साधं! मग हे गावोगाव कोणी सांगितलं का नाही? कुटुंबनियोजनाची चित्रं भिंतीभिंतीवर रंगवता आली, हे नाही रंगवता आलं?

४ मे

माणिकराव स्वतः उपकेंद्रावर आले. बसले, पाणी मागितलं, प्यायले. माझ्या हातचं पितो हे दाखवायला दोन घोट जास्तच.

"नर्सबाई, तुमी चांगलं काम करून राह्यल्या. गुरुजीबी सज्जन माणूस. नवरा-बायकोनं अलग अलग कायले राहावं? बदलीचं मी पाह्यतो."

मी म्हटलं, "पुंजाजी आबांचं काय पाहता?"

हसले. "ऊन लई हाय औंदा. आन थे मिठात मासे-गिसे ठेवत जाऊ नका. घरात वास सुटते."

गिरजाबाईनं मिठापर्यंत सगळं सांगितलं तर! ते गेल्यावर मी त्यांनी प्यालेला पेला अंगणात भिरकावला. पोचा पडला. सरकारी पेला.

८ मे

हे लिहायला हात उठत नाही.

गिरजाबाईच्या हाताला विळा लागला होता. आली, ओट्यावर बसली, मी न बोलता टाके घालत होते. तीच बोलली.

"बाई, तू मले चोर म्हणली, गावानं आयकलं. आता मले बजारात वांगे विकाले बसलं तरी बाया कुजबुजतेत. म्हणून सांगतो. थ्या दिवशी म्या मळ्यात जाऊन राह्यली होती, झुंजुमुंजु होतं. तुये मालक पिशवी घेऊन नदीकडं गेले. आले थे पिशवी झटकत आले. मंग गाडीले गेले."

मी म्हटलं, खोटं.

"मंग खोटं समज."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुया घरात मी कायले आग लावू वं? म्हणलं, तू बोलून मोकयी होशीन. पण तू त थांबूनच नाई राह्यली."

टाका तिरका पडला. उसवून पुन्हा घातला.

चहा झाकून ठेवला होता यांनी. माझ्यासाठी चहा केला, झाकला, आणि मग मासा नेला, की आधी मासा नेला? दिवसभर हाच एक मूर्ख प्रश्न डोक्यात.

यांना पत्र लिहिलं नाही. समोर येऊ दे.

१६ मे

एवढी दमले आहे, पण आजचं आजच लिहिते.

सकाळी गिरजाबाई दारात ओरडली, "नर्सबाई, खालच्या डोहात टाकलं!" तीच आली, माझ्याकडे. उपकेंद्रात लशीच्या डब्यात बर्फ होता. बाटल्या तर मी केव्हाच उकळून ठेवल्या होत्या. रबरी हातमोजे घेतले. धावतच गेलो.

या वेळी गाव काठावर उभं होतं. पाण्यात कोणी नव्हतं. आबांची चिता सगळ्यांनी पाहिली होती. तरी दोघं-तिघं टोपल्या घेऊन पुढे झाले, तर गिरजाबाई पट्टी बांधलेल्या हातात विळा घेऊन वाटेत उभी. "उतरा, पाह्यतो म्या." कोणी उतरलं नाही. जवळच्या तांड्यावरची जमनाबाई काठावर बसून आक्रोश करत होती. तिची गाय पाणी प्यायली आणि तिथंच तडफडून मेली.

साहेबांनी सांगितलं तसं सगळं केलं. दोन खडशी बर्फात ठेवल्या. पाणी खालचं आणि वरचं. बाटल्यांवर चिकटपट्टी, तिच्यावर वेळ आणि जागा, गिरजाबाईचा आणि जमनाबाईचा अंगठा. बापूरावांना निरोप धाडला, ते रिठदला पाव्हण्याकडे गेले म्हणे. जाऊ द्या. बाकीचे मासे घमेल्यांत भरले, हाताला चिंध्या गुंडाळून, आणि मी, त्या दोघी, आणखी काही बाया, बसला उभ्या राहिलो.

कंडक्टर म्हणाला, "मासे उतरवा, पाशिंजर ओकतीन."

जमनाबाई म्हणाली, "माही गाय बाकी हाय अजून. तिलेबी आणतो, थांबव गाडी."

गाडी सुटली. मे महिन्याचं ऊन, खिडक्यांतून झळा, आणि घमेली. लोक नाकाला पदर, टोप्या, उपरणी लावून विचारू लागले, काय झालं? आणि प्रत्येकाला सांगावं लागलं. गाडी थांबली की नवे चढायचे, त्यांना आधीचेच सांगायचे. एक म्हातारा म्हणाला, आमच्याबी नाल्यात असंच झालं, आमाले काय मालूम कोणाले सांगाचं. मी त्याला सांगितलं. सगळ्या गाडीला सांगितलं, ओरडून. ताजा मासा, बर्फ, दोन बाटल्या, साक्षीदार, ठाणं, तार. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं माझ्यामागून पाठ म्हणून दाखवलं. किती दिवसांनी हसले.

उतरल्यावर आधी तारघर. मग ठाणं. घमेली व्हरांड्यात ठेवली, जमादाराच्या दाराशी. तोच जमादार. नाकाला रुमाल लावून बाहेर आला.

"हे काय आणलं? मासे कोणाचे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गिरजाबाई म्हणाली, "वास कोणाले येऊन राह्यला? ज्याले वास येते, त्याचे."

गाडीतले बरेचसे लोक मागोमाग आले होते. ते हलेनात. दुपार चढली तसा वास चढला. माशा घोंगावू लागल्या, ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत गेल्या. आत कुजबुज, बाहेर आम्ही. शेवटी मोठे साहेब ओरडले, "अरे, लिहून घे रे बाबा यांचं!" आणि लिहून घेतलं.

दिवस कलताना मत्स्य खात्याची जीप आली. पान खाणारे साहेब. बाटल्यांना लाखेचं सील झालं. रबरी हातमोजे चढवून त्यांनी एका खडशीचं पोट दाबून पाहिलं. मला शाबासकी वगैरे दिली नाही. म्हणाले, "अंडी होती हिच्या पोटात." आणि तोंड फिरवलं.

१८ मे

माणिकरावांच्या दोन माणसांना धरलं. माणिकराव मोकळे. औषध माणसांनी आपल्या मनानं टाकलं, मला काही ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. गिरजाबाईच्या मळ्याचं पाणी आजपासून बंद. ती घागरीनं वांग्यांना पाणी घालते आहे. मी दवाखाना आटोपून घागर उचलली. तिची माफी मागायची आहे, शब्द सापडत नाही. पाणी घालत राहिले.

२० मे, शनिवार

हे आले. चेहरा फुललेला. खिशात बदलीचा कागद. याच गावच्या शाळेवर, जूनपासून.

"आता संगं राहू, वच्छला."

मी विचारलं, "मासा नदीत टाकला की माणिकरावांना नेऊन दिला?"

हे बाजेवर बसले. बराच वेळ बुटाचे बंद सोडत राहिले. मग म्हणाले, "त्यायनंच सांगतलं, फेकून द्या. म्या तुयासाठीच केलं. तू एकटी पडतं इथं, पोटी पोर नाई, मी तिकडं. किती साल चालाचं असं?"

खोटं बोलले असते तर सोपं गेलं असतं. हे खरंच माझ्यासाठी होतं, आणि त्याचाच मला राग आला. म्हटलं, "त्यांनी सांगितलं, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं. मग आता ठाण्यात चला आणि तेवढंच सांगा. माणिकराव कसे मोकळे राहतात ते पाहू."

"पागल झाली काय तू? बदली जाईल. नोकरी जाईल."

"आबा गेले."

हे जेवले नाहीत. मीही नाही. दुसरी गाडी मिळते का पाहतो म्हणून निघाले. मी दारापर्यंत गेले, पुढे नाही.

२२ मे, सोमवार

काल दिवसभर वाट पाहिली. वाटलं, वळून येतील.

आज एकटीच ठाण्यावर गेले. जमादारानं या वेळी खुर्ची दिली. म्हटलं, माझ्या जबाबात भर घालायची आहे. पहिल्या वेळचा मासा मी ठेवला होता, तो घरातून नेऊन नदीत टाकला गेला. माणिकरावांनी टाकायला सांगितला. ज्यानं टाकला त्यानं हे माझ्यासमोर कबूल केलं आहे.

जमादारानं दौतीत टाक बुडवला. "कोणी टाकला? नाव?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, नाव घ्यायच्या उखाण्याशिवाय मी यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. या वहीतही नाही.

"देवमन सखाराम अंभोरे."

"तुमचं नातं?"

"नवरा."

त्याचा टाक थांबला. शाईचा थेंब कागदावर पडायच्या बेतात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, लिहू काय?"

"लिहा."